मेलत्तूरचा नरसिंह

मागच्या भागात आपण तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख पाहिला. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरून घेतलेला, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा. दगडावरचं मराठी पाहून बऱ्याच जणांची छाती फुगली, माझीही फुगली होती. आज मात्र दगड नाही, लाकूड. आणि आज छाती फुगेलच अशी खात्री मी देत नाही.

विषय आहे मुखवट्याचा. तंजावरपासून १८-२० किलोमीटरवर मेलत्तूर नावाचं गाव आहे. तिथे एका देवळात नरसिंहाचा लाकडी मुखवटा आहे. वर्षभर त्याची पूजा होते. वर्षातून एका रात्री तो देवळाबाहेर येतो आणि माणसाच्या चेहऱ्यावर बसतो. त्या रात्रीबद्दल सांगायचं आहे, पण त्याआधी मला थोडं माझ्या गावाकडे जाऊ द्या.

मी नाशिक जिल्ह्यातला, पेठच्या बाजूचा. आमच्याकडे बोहाडा असतो. काही गावांत भोवाडा म्हणतात. सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडाला रात्र-रात्र सोंगं नाचतात. गणपती येतो, सरस्वती येते, मग एकेक देव आणि राक्षस. लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे, समोर संबळ, मशालीचा उजेड आणि धुरळा. कुठलं सोंग कुठल्या घराण्यानं नाचवायचं याचा मान ठरलेला असतो, आणि त्या मानावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. लहानपणी मला सोंगांची भीती वाटायची. दिवसा ज्या माणसाला मी काका म्हणायचो तो रात्री मुखवटा लावून आला की ओळखच देत नसे. आजी म्हणायची, आता त्याला हाक मारू नको, आता तो तो नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते पुढे आयुष्यात आणखी दोन ठिकाणी, दोन वेगळ्या भाषांत ऐकलं.

फौजेत मला मद्रास रेजिमेंट मिळाली. नाशिकचा मुलगा आणि मद्रास रेजिमेंट, म्हणून घरच्यांना जरा आश्चर्य वाटलं. पण तरुण अधिकाऱ्याला जवानांची भाषा शिकावीच लागते. मी तमिळ पलटणीत शिकलो, त्यामुळे आजही माझं तमिळ ऐकून चेन्नईची सभ्य माणसं हसतात. आमचे एक सुभेदारसाहेब तंजावरच्या बाजूचे होते. निवृत्त झाल्यावरही दर पोंगलला त्यांचा फोन यायचा. एका वर्षी म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही आमच्या राजांचे लोक. एकदा नरसिंह जयंतीला मेलत्तूरला या.’’ आमचे राजे, म्हणजे मराठे. तंजावरात आजही असं बोलणारी माणसं आहेत, आणि ते ऐकताना अंगावर मूठभर मांस चढतं हे कबूल करतो.

नरसिंह जयंती म्हणजे वैशाख शुद्ध चतुर्दशी. मे महिना. कावेरीच्या पाटांना त्या दिवसांत पाणी नसतं. मेत्तूर धरणाची दारं उघडायचा रिवाजाचा दिवस १२ जून. त्याआधी भाताची खाचरं भेगाळलेली असतात, आणि रात्री दहा वाजताही शर्ट अंगाला चिकटलेला असतो. गावात वरदराज पेरुमाळचं देऊळ आहे. देवळासमोरच्या रस्त्यावर मांडव घातलेला, मांडवाच्या टोकाला रंगमंच, आणि रंगमंचाचं तोंड देवळाकडे. म्हणजे पहिला प्रेक्षक देव. आपण मध्ये बसतो ते त्याच्या परवानगीनं.

सुरुवातीला कोणंगी येतो. टोकदार टोपी घातलेला विदूषक. तो नाचतो, लोकांना गप्प बसवतो. मग मंगलाचरण. मग एक लहान मुलगा हत्तीचं तोंड लावून गणपती होऊन येतो, चार पावलं नाचतो, आशीर्वाद देतो आणि जातो. मंडळी, मी खुर्चीवर ताठ झालो. पेठच्या धुरळ्यात पाहिलेला गणपती इथे रेशमी सोवळ्यात, मृदंगावर, कर्नाटक संगीतात माझ्यासमोर उभा होता. तळकोकणच्या दशावतारातही पहिला गणपतीच. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या जुन्या पौराणिक खेळांतही आधी गणपती, सरस्वती आणि विदूषक. भाव्यांच्या आधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीकरांनी पाहिला होता आणि त्यावरूनच तशी मराठी नाटकं करायचं ठरलं, हे नाटकाच्या इतिहासात आपण शाळेतच वाचतो. पण ‘भागवत मंडळी’ म्हणजे कोण हे शाळेत कोणी सांगत नाही. मेलत्तूरला जे होतं त्याचं नावच भागवत मेळा. म्हणजे एका मोठ्या कुटुंबाच्या या शाखा आहेत. कोण कोणाचा बाप, यात मी पडत नाही. भाऊबंद आहेत एवढं नक्की.

नाटकाचं नाव ‘प्रह्लाद चरित्रमु’. भाषा तेलुगू. लिहिणारे मेलत्तूरचेच वेंकटराम शास्त्री. संत त्यागराजांच्या आसपासच्या काळातले, आणि दहाच्या वर नाटकं त्यांच्या नावावर आहेत. सगळे नट पुरुष. प्रह्लादाची आई लीलावती हीसुद्धा पुरुषच, आणि ती इतकी डौलदार की माझ्या शेजारच्या बाईंनी मला दोनदा सांगितलं, ‘‘तो बँकेत आहे हो!’’ प्रत्येक पात्र येण्याआधी चोपदारासारखा कट्टियकारन घोषणा करतो. पात्र नाचत येतं आणि स्वतःची ओळख गाण्यातून करून देतं. हिरण्यकशिपू आला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. काय माणूस होता! मुखवटा नाही, नुसता रंग आणि मिशा, पण आवाजानं मांडव हलवला.

तो मुखवटा मात्र अजून आलेला नव्हता.

सुभेदारसाहेबांनी मला आधीच समजावलं होतं. नरसिंहाचं काम वाटेल तो करू शकत नाही. ते घराणं ठरलेलं. करणारा उपवास धरतो, नेम पाळतो. मुखवटा देवळातून पूजा करून येतो, आणि तो चेहऱ्यावर बांधला की त्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. ‘‘अप्पुरम् अवर इल्लै, साहेब.’’ त्यानंतर तो तो नसतो. आजीचं वाक्य, तमिळमधून.

पहाट जवळ आली. हिरण्यकशिपूनं विचारलं, कुठे आहे तुझा हरी? या खांबात आहे का? आणि नरसिंह आला. चालत नाही आला. धडधाकट माणसांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलेलं होतं, आणि ते नाटकातलं धरणं नव्हतं. त्यांचे पाय मातीत सरकत होते. लाल, जबडा उघडलेला, दात बाहेर आलेला तो मुखवटा दिव्यांच्या उजेडात इकडून तिकडे वळायचा आणि समोरची बायका-माणसं हात जोडून मागे सरकायची. हिरण्यकशिपू अंतर राखून वाद घालत होता. गाण्यात प्रश्न, गाण्यात उत्तर. पण त्याची नजर मुखवट्यावरून हलत नव्हती, आणि मला वाटतं ती सगळीच नटाची नजर नव्हती. पोट फाडण्याचा प्रसंग दाखवत नाहीत. तशी गरजही नसते. शेवटी आरती करून, स्तोत्रं म्हणून नरसिंहाला शांत करतात आणि देवळात नेतात. तिथे मुखवटा उतरतो. नंतर मी त्या गृहस्थांना देवळाच्या ओट्यावर बसलेलं पाहिलं. किरकोळ बांध्याचे, चष्मा लावलेले. कोणीतरी त्यांना पाणी देत होतं.

त्या दिवशी तिथे पानकम् वाटतात. गूळ, सुंठ, वेलदोडा घातलेलं पाणी. आपल्या पन्ह्याचं नाव त्याच पानकावरून आलेलं. नरसिंहाचा दाह शमवायचा हा प्रयत्न आहे. गुरुचरित्र वाचणाऱ्यांना यावरून औदुंबराची गोष्ट आठवेल. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह होऊ लागला आणि लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली, त्यात नखं रोवल्यावर तो शमला. नीरा-नरसिंहपूरचा नरसिंह ज्यांचं कुलदैवत आहे त्यांना तर हे सांगायलाच नको. मारून झाल्यावर देवालाही शांत करावं लागतं, हा विचार मला शिपाई म्हणून फार जवळचा वाटतो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता इतिहास. हे गाव मराठ्यांनी वसवलेलं नाही. १५६५ साली विजयनगरचा पराभव झाला आणि तिकडची तेलुगू विद्वान, नट, गायक मंडळी दक्षिणेकडे सरकली. तंजावरला तेव्हा नायक राजे होते. ते स्वतः तेलुगू. त्यांतल्या अच्युतप्पा नायकानं पाचशेच्या आसपास ब्राह्मण कुटुंबांना घरं आणि जमिनी देऊन हे गाव वसवलं. म्हणून त्याचं एक जुनं नाव अच्युतपुरम्. शेवटचा मोठा नायक विजयराघव स्वतः तेलुगू यक्षगानं लिहायचा. १६७३ मध्ये मदुराईच्या नायकानं त्याला लढाईत संपवलं. मग विजापूरनं शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांना इकडे धाडलं आणि १६७६ च्या सुमारास ते तंजावरच्या गादीवर बसले. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात दोघा भावांची भेट आणि त्यांचं बिनसणं, हे आपण एका जुन्या भागात पाहिलं आहे.

मराठी सरदार तंजावरात आले तेव्हा त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. जिंकलेल्या दरबारातली तेलुगू नाटकं, तमिळ देवळं, संस्कृत पंडित हे सगळं बाजूला सारून आपलं बसवायचं, किंवा त्यात आपणही बसायचं. एकोजींचे चिरंजीव शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले आणि त्यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ लिहिलं. तो पालखीसेवेचा नाट्यप्रबंध आहे. १६९३ साली तिरुविसनल्लूर हे गाव ४६ पंडितांना दिलं, त्याचं नाव शहाजीराजपुरम् झालं. आणि त्यांनी मराठीतही नाटकं लिहिली. ‘लक्ष्मी-नारायण कल्याण’ हे त्यांचं नाटक अभ्यासक पहिलं लिखित मराठी नाटक मानतात. म्हणजे भाव्यांच्या आधी दीडशे वर्षं. पण गंमत पाहा, त्या मराठी नाटकाचा सांगाडा यक्षगानाचा आहे. गणपती, चोपदार, पात्रांचे प्रवेश, गाणी, सगळं तसंच. मराठी भाषेनं दक्षिणेचं सोंग घेतलं, असं मी म्हणतो. माझ्या एका प्राध्यापक मित्राला हे वाक्य आवडत नाही. सोंग म्हणजे खोटेपणा, असं त्याचं म्हणणं. आमच्या पेठला सोंग म्हणजे खोटं नव्हे. सोंग म्हणजे ज्याचा मान घराण्याला मिळाला आहे ते रूप.

पुढे प्रतापसिंहांच्या काळात याच मेलत्तूरचे वीरभद्रय्या दरबारात मोठे संगीतकार होते. दुसऱ्या सरफोजींच्या आणि त्यांचे चिरंजीव शिवाजी यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम्, वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमचा जो क्रम आपण पाहतो, अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत, तो बसवल्याचं श्रेय त्यांना देतात. सरफोजींनी तर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक रचलं. कुरवंजी म्हणजे हात पाहून भविष्य सांगणाऱ्या कुरव बाईचा खेळ. या नाटकातली कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, समुद्र. श्वार्ट्झ पाद्रीच्या हाताखाली शिकलेला राजा भूगोलाचा धडा नाचवून शिकवतो, असा दुसरा राजा मला तरी माहीत नाही.

पण यात एक बोच आहे. १७९९ च्या तहानं सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीला दिला होता. हातात उरला किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग. तलवार गेल्यावर राजे ग्रंथांकडे, नाटकांकडे, औषधांकडे वळले असं कौतुकानं म्हणतात. शिपाई म्हणून मी ते निखळ कौतुकानं म्हणू शकत नाही. तरीही त्यांनी जे सांभाळलं ते टिकलं, आणि ज्या फौजेवर आपण पोवाडे गातो तिचं तिथे काही उरलं नाही, हेही खरं.

१८५५ मध्ये शिवाजीराजे वारले. मुलगा नव्हता. कंपनीनं राज्यच नव्हे तर खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला आणि १८५९ मध्ये निकाल आला की ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. आपल्याकडे एक म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. आश्रयदाता गेला की सोंगाचं तेल संपतं. भागवत मेळ्याची पाच-सहा गावं होती. मेलत्तूर, सालियमंगलम्, ऊत्तुकाडू, शूलमंगलम्, नल्लूर, तेप्पेरुमानल्लूर. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी खेळ हळूहळू बंद पडला. मेलत्तूरचा मात्र पुन्हा उभा राहिला, त्याचं श्रेय भरतम् नटेश अय्यर यांच्यासारख्या गावच्याच कलावंतांना जातं. पुढे मद्रासचे वकील ई. कृष्ण अय्यर यांनी याबद्दल लिहिलं, लोकांना तिथे नेलं. हे तेच गृहस्थ, ज्यांनी १९३० च्या दशकात देवदासींच्या नाचाची बदनामी चालू असताना स्वतः स्त्रीवेष करून नाच केला होता. नंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या कलाक्षेत्रानंही मेलत्तूरची काही नाटकं बसवली.

मग मुखवट्याचं काय? तो या सगळ्या काळात कुठे होता? देवळात. म्हणूनच तो राहिला. दरबारातल्या पगड्या, हत्यारं, दागिने लिलावात गेले, कोर्टात अडकले. सरस्वती महालातली पोथ्या आणि मोडी कागद पुढे, १९१८ साली, सार्वजनिक झाले हे आपलं नशीब. मुखवटा मात्र कधीच कोणाच्या मालमत्तेच्या यादीत आला नसणार. देव कुठे यादीत घालतात?

इथे मला तिसऱ्या ठिकाणाबद्दल सांगायचं आहे, जिथे मी आजीचं ते वाक्य ऐकलं. पश्चिम आफ्रिकेत कोत द’इव्वार, आपण ज्याला आयव्हरी कोस्ट म्हणतो, तिथे २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं शांती मिशन सुरू झालं. भारताचे लष्करी निरीक्षक त्यात होते, त्यांत काही काळ मीही होतो. निरीक्षकाकडे शस्त्र नसतं. एक जीप, एक रेडिओ आणि एक निळी टोपी. २००२ पासून देश दोन तुकडे झालेला, उत्तर भाग बंडखोरांकडे. उत्तरेत कोरोगो नावाचं शहर आहे. तो सेनुफो लोकांचा मुलूख. तेच लोक सीमेपलीकडे माली आणि बुर्किना फासोमध्येही आहेत.

सेनुफोंचे मुखवटे जगप्रसिद्ध आहेत. त्यांतला एक प्रकार आहे क्पेलिये. छोटा, लांबट, गुळगुळीत चेहरा, बारीक नाक, मिटल्यासारखे डोळे, वर शिंगं, गालांच्या कडेला कोरलेले पंखासारखे भाग. तो सुंदर बाईचा चेहरा असतो आणि तो लावून नाचतात पुरुष. दुसरा प्रकार अख्ख्या डोक्यावर बसणारा, काळविटाची शिंगं, रानडुकराचे सुळे, तरसाचा जबडा, सगळं एकत्र. तो पाहिल्यावर नरसिंह आठवावा असाच. कोरणारे तिथे वेगळे असतात, लोहार आणि कुलेबेले नावाचे सुतार. आणि मुखवटे ज्यांच्या ताब्यात असतात ती पोरो नावाची पुरुषांची मंडळी. मुलगा मोठा होताना अनेक वर्षांची तिथली शिकवण पार करतो, तेव्हा तो गावातला माणूस ठरतो. कोणी वडीलधारं माणूस वारलं की अंत्यविधीला मुखवटे येतात आणि मेलेल्याला पुढच्या प्रवासाला लावून देतात.

अशाच एका अंत्यविधीला आम्ही रस्त्यावर थांबलो होतो. मी दुभाष्याला विचारलं, तो आत कोण आहे? त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, आत कोणी नाही, तो मुखवटा आहे. मला पेठ आठवलं. आठवलं आणि तरीही पुढच्या आठवड्यात कोरोगोच्या बाजारात मी एक क्पेलिये विकत घेतला. घासाघीस करून. दुकानदार म्हणाला फार जुना आहे. जुना वगैरे काही नव्हता. तिथले कारागीर बाजारासाठी मुखवटे कोरतात आणि जुने दिसावेत म्हणून त्यांना धूर, माती, तेल देतात. त्यात गैर काही नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण खरे जुने मुखवटे कुठे गेले? १९५० च्या सुमाराला त्या मुलखात मासा नावाची एक नवी पूजा पसरली. तिच्या नादानं लोकांनी जुन्या मूर्ती आणि कोरीव कामं टाकून दिली. ती मिशनऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी उचलली. दहा-पंधरा वर्षांत न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात सेनुफो शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरलं. काचेच्या पेटीत, खालून दिवा. जगानं तो चेहरा पाहिला, पण नाच नाही, ढोल नाही, कोण मेलं म्हणून तो आला होता तेही नाही.

मेलत्तूरहून परतताना रात्रभराच्या जागरणानं डोळे जळत होते आणि माझ्या डोक्यात हे दोन मुखवटे एकमेकांकडे पाहत होते. मेलत्तूरचा मुखवटा अजून नाचतो, कारण तो नाचवणारी माणसं परत येतात. ती गावात राहत नाहीत. कोणी चेन्नईला, कोणी मुंबईला, कोणी परदेशात. बँका, कंपन्या, कचेऱ्या. मे महिन्याची सुटी बाजूला ठेवतात आणि बापाचं काम मुलगा शिकतो. ही साखळी किती नाजूक आहे हे फौजेत काम केलेल्याला वेगळं सांगायला नको. एका वर्षी सुटी नामंजूर झाली की एक पात्र गेलं.

आणि आता तो सुभेदारसाहेबांचा ‘आमचे राजे’. मी त्यांना तिथेच ओट्यावर विचारलं, साहेब, यात मराठ्यांचं नेमकं काय? गाव नायकांचं, भाषा तेलुगू, सूर कर्नाटकी, प्रेक्षक तमिळ. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, ‘‘पलटणीत कमांडिंग ऑफिसर बदलतो. नवा येतो तो कधी मराठी, कधी पंजाबी. पलटणीचं देऊळ तोडत नाही. उलट पहिल्या दिवशी तिथे जाऊन नमस्कार करतो. तुमच्या राजांनी ते केलं.’’ मी पुढे वाद घातला नाही. पण मंडळी, तंजावरचं नाव काढलं की आपण लगेच ‘मराठ्यांनी दक्षिणेला काय दिलं’ याची यादी काढतो. सांबार संभाजीराजांवरून आलं ही गोष्ट तर दर महिन्याला मला कोणीतरी मोबाईलवर पाठवतं. खोट्या घोड्यात शिरून नाचण्याचा पोय्क्काल कुदिरै हा खेळ मराठ्यांबरोबर आला असं तंजावरात सांगतात. असेल, मला ऐकायला आवडतं. पण दिलं किती याच्या हिशेबात घेतलं किती हे राहून जातं. एक मराठी राजा तेलुगूत पालखीगीतं लिहितो, तमिळ देवापुढे ती गाऊन घेतो, आणि त्याच साच्यात मराठीचं पहिलं नाटक ओततो. माझ्या मते हे जिंजीच्या किल्ल्याइतकंच मोठं काम आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी एकदा मे महिन्यात मेलत्तूरला जावं. राहायची सोय तंजावरला करा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि पुढच्या रांगेत बसू नका. नरसिंहाला धरणाऱ्यांना जागा लागते.

तो कोरोगोचा मुखवटा अजून माझ्या पुण्याच्या घरी आहे. पंधरा वर्षं तो दिवाणखान्यात टीव्हीच्या वर होता. येणारे-जाणारे विचारायचे, मी जीप आणि निळ्या टोपीची गोष्ट सांगायचो. मेलत्तूरहून आल्यावर मी तो उतरवला. बायको म्हणाली, ‘‘का हो? बरा दिसत होता की.’’ मला नीट सांगता आलं नाही. बाजारासाठी कोरलेलं लाकूड आहे, त्यात कोणी कधी नाचलेलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी आता तो कपाटात, धुतलेल्या पंचात गुंडाळून ठेवला आहे. गौरीचे मुखवटे आम्ही ठेवतो त्याच खणात.

पुढच्या भागात सरस्वती महालातल्या मोडी रुमालांकडे वळू. नमस्कार.